दुहेरी अस्तराचं जाकीट

बाटल्यांच्या कारखान्यात प्रथमोपचाराच्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. सगळे मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर होतो, आणि याची रोज न चुकता आठवण करून देणारी एकच व्यक्ती त्या कारखान्यात होती. शिवणखोलीतली बाई. "काय कंपाउंडर, आज किती पट्ट्या चिकटवल्या?" असं समोरून येताना विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून जायची. तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडात कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत, आणि बोलणंही त्याच जातीचं. आपल्याला हे नाव पडलंय हे तिला ठाऊक होतं. तिची तक्रार नव्हती.

आमच्या दोघांच्या खोल्यांमधे फळ्यांची भिंत होती. तिचं मशीन चालू झालं की माझ्या कपाटातल्या औषधाच्या बाटल्या किणकिणायच्या. कामगारांचे डगले, एप्रन, हातमोजे, जे काही फाटेल आणि जळेल ते तिच्याकडे यायचं. भट्टीवाल्यांच्या मोज्यांची बोटं आधी जळतात. टाकाऊ मोज्यातलं धड बोट काढून ती ते दुसऱ्या मोज्याला असं बसवायची की शिवण हाताला लागत नसे. शिवण लागली की माणूस मोजा काढून ठेवतो आणि मग तुमच्याकडे येतो, असं तिचं म्हणणं. ते खरं होतं. माझ्यामुळे जेवढे हात वाचले असतील त्याच्या दुप्पट तिच्यामुळे वाचले. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, कारण ती आधीच डोक्यावर बसलेली होती.

तिच्या कामाला नाव ठेवायची मात्र सोय नव्हती. एकदा सुपरवायझर म्हणाला की मावशी, खिसा जरा वाकडा वाटतोय. तिनं डगला परत घेतला आणि दुपारी त्याच्या टेबलावर आणून ठेवला. सगळ्या शिवणी उसवून, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, खिसा वेगळा. "घ्या, आता काहीच वाकडं नाही," म्हणाली. तो पुढचा महिनाभर घरून आणलेला शर्ट घालून हिंडत होता.

घरी ती आणि तिची भावजय. भाऊ जहाजावर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. उरलेले दहा महिने कारखान्यामागच्या दोन खोल्यांत नणंद-भावजय, आणि दिवसभर त्याच कारखान्यात दोघी. भावजय लग्न होऊन आली त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी टाचणीनं तिच्यासाठी एक झगा शिवला. भावजयीनं तो घातला, आरशासमोर हात वर केले आणि म्हणाली, "वन्सं, काखेत जरा आवळतंय." झालं. टाचणीनं झगा उतरवून घेतला, सगळा उसवला, तुकड्यांची घडी घातली आणि ती घडी फळीवर ठेवून दिली. अकरा दिवस ती भावजयीशी बोलली नाही. मीठ हवं असलं तर भावाकडे मागायची, आणि भाऊ जहाजावर परत गेल्यावर भिंतीकडे. त्यानंतर टाचणी जे शिवेल ते भावजय निमूट घालायची आणि म्हणायची, छान झालंय.

यातलं अर्धं मला टाचणीनं सांगितलं, अर्धं भावजयीनं. दोघी डोकेदुखीची गोळी मागायला माझ्याकडे यायच्या, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींमुळे. पण तिसऱ्या कुणी एकीबद्दल वावगा शब्द काढला तर दुसरी त्याच्या अंगावर धावून जायची. अशा दोघींच्या मधे शहाण्यानं पडू नये. मी नुसत्या गोळ्या दिल्या.

आमच्याकडे साच्यातून निघालेली बाटली लगेच थंड करत नाहीत, फुटते. ती एका लांब बोगद्यासारख्या भट्टीतून पट्ट्यावरून हळूहळू सरकत येते आणि दुसऱ्या तोंडाशी बाहेर पडते. त्या तोंडाशी तपासणीची टेबलं. तिथे बायका उभ्या राहून एकेक बाटली उजेडासमोर धरतात आणि तडा, बुडबुडा, वाकडी मान असलेली बाजूला काढतात. चार नंबरचं टेबल भट्टीच्या सगळ्यात जवळ, कारण मोठ्या तोंडाच्या बरण्या तिथेच गरमागरम बघून घ्याव्या लागतात. पंचवीस वर्षं मी त्या टेबलाकडून माणसं उचलून आणली. आदल्या उन्हाळ्यात तिथली बाई पडली. तिला शुद्ध आली, पण पूर्ण आली नाही. अजून ती घराच्या दारात खुर्ची टाकून बसलेली असते आणि स्वतःच्या मुलीला "तुम्ही कुणाकडे आलात?" म्हणून विचारते.

हिवाळ्यात ती जागा टाचणीच्या भावजयीला मिळाली. बढतीच होती ती. भावजय खूश होती. टाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. तोंडात टाचण्या नव्हत्या, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"कंपाउंडर, तिला तिथून हलवता येईल?"

"तिनं स्वतः मागून घेतलीय ती जागा."

"ते माहितीय मला. ती ऐकत नाही. उन्हाळा यायच्या आत काहीतरी करा तुम्ही."

"मी काय करणार? भट्टी विझवू?"

"तिचं त्या बाईसारखं झालं तर मी भावाला काय सांगू?" ती म्हणाली, आणि जरा थांबून, "आणि भावाचं सोडा. घरात मी भांडू कुणाशी?"

मी त्या बोलण्यावर हसलो. ती हसली नाही.

काहीतरी करायचं म्हणून मी वरच्यांना अर्जांवर अर्ज केले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एक खोकं आलं. त्यात वीस निळी जाकिटं होती, बिनबाह्यांची. रजईसारखे उभे कप्पे, आणि कप्प्यांत कसलेसे बारीक दाणे. जाकीट दहा मिनिटं पाण्यात बुडवलं की दाणे भिजत घातलेल्या कडधान्यासारखे फुगत. मग पिळायचं, निथळायचं आणि डगल्यावर चढवायचं. अंग थंड राहायचं. सोबत एक चित्रांचा कागद होता. पहिल्या चित्रात बादली, दुसऱ्यात पिळणारे हात, तिसऱ्यात जाकीट घातलेला माणूस आणि जाकिटातून चहूकडे बाहेर निघालेले छोटे छोटे बाण. खालचा मजकूर आमच्यापैकी कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेत होता.

सगळ्यांना गोळा करून मी भाषण ठोकलं. बाणांपाशी आल्यावर क्षणभर अडलो, पण डॉक्टर म्हणवून घेणाऱ्याला अडता येत नाही. "हे बाण म्हणजे थंडावा," मी सांगितलं. "जाकिटात भरलेला थंडावा असा बाहेर पसरतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. टाचणीही मागे उभी होती. कारखान्यात माझं एवढं एकच बोलणं तिनं शंका न काढता खरं मानलं, आणि नेमकं तेच चूक होतं.

जाकिटं दोन दिवस चालली. मग खुंट्यांना लटकू लागली. बायकांची तक्रार अशी की आतला डगला भिजतो, अंगाला चिकटतो, आणि पलीकडच्या पट्ट्यावरचे पुरुष काम सोडून बघत राहतात. यात भावजयीचा आवाज सगळ्यात मोठा. "घेरी आली तरी चालेल, पण असल्या ओलेत्या कपड्यांत मी त्या टोळक्यासमोर उभी राहणार नाही," असं तिनं मला तोंडावर सांगितलं. मला तिचं पटलं. मॅनेजरला सांगायला गेलो तर तो म्हणाला, कामाच्या वेळी कोण कुणाकडे बघतं?

टाचणीनं मग एक जाकीट घरी नेलं आणि आतल्या बाजूला पातळ रेनकोटचं अस्तर लावून आणलं. डगला कोरडा राहिला, गारवा तसाच लागत होता. काम फत्ते. बायकांनी टाचणीला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. तिनं दोन दिवसांत विसांना अस्तर लावलं. इथेच थांबली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पण आठवड्यानं सुपरवायझर बोंबलत आला. जाकिटाच्या कडेवरून पाणी ठिबकतं आणि गरम बरणीवर थेंब पडला की तिला तडा जातो. त्यानं एका पाळीत तडकलेल्या बरण्यांची पेटी भरून मॅनेजरच्या दारात ठेवली. "एक तर जाकिटं बंद करा, नाहीतर बरण्या," म्हणाला. मॅनेजरनं सोमवारपर्यंतची मुदत दिली. ठिबकणं थांबलं नाही तर जाकिटं परत जाणार.

टाचणीला दोन सुट्टीचे दिवस जोडून मिळाले होते. ते तिनं मशीनवर घालवले. पहिलं जाकीट अर्थातच भावजयीचं. आत होतं तसंच रेनकोटचं अस्तर तिनं बाहेरूनही लावलं, कडा दुमडून दुहेरी शिवल्या, त्यावर पांढरी पट्टी फिरवली, गळ्याला छोटी कॉलर काढली. भिजवण्यापुरती कॉलरखाली एक झाकणीची फट सोडली, तर एक थेंब बाहेर येण्याची सोय ठेवली नाही. सोमवारी ते तिनं माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा दुकानातल्या काचेमागे टांगावं असं दिसत होतं.

"बघा काय काढायची ती खोड," ती म्हणाली.

मी ते बुडवलं, पिळलं, खिळ्याला अडकवलं आणि संध्याकाळी परत पाहिलं. एक थेंब खाली नव्हता. आतले दाणे जसेच्या तसे ओले. साधं जाकीट दुपारच्या जेवणापर्यंत सुकायचं आणि पुन्हा भिजवावं लागायचं. हे दिवसभर ओलं! आम्हा दोघांना ती त्याची करामतच वाटली. माझ्या वहीत मी त्या तारखेला लिहिलं आहे: "दुहेरी अस्तराचं जाकीट तपासलं. सुकत नाही. उत्तम." वही अजून माझ्याकडे आहे. फाडून टाकावी असं पुष्कळदा मनात आलं, पण फाडली नाही.

मंगळवारी भावजय ते घालून चार नंबरवर उभी राहिली. त्या दिवशी बाहेर वारा नव्हता आणि आत भट्टीला नवा साचा लावलेला, त्यामुळे पट्टा न थांबता चालू होता. टाचणी सकाळी दोनदा मुद्दाम त्या बाजूनं जाऊन आली. "कसं वाटतंय?" विचारलं. भावजय म्हणाली, "छान झालंय, वन्सं." टाचणी उरलेल्या एकोणीस जाकिटांचं कापड बेतायला परत आली. फळ्यांपलीकडून मला तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी ते याआधी कधी ऐकलं नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या लक्षात आलं की भावजय चांगल्या बरण्या टाकाऊच्या पेटीत ठेवते आहे, एकामागून एक, अगदी काळजीपूर्वक. तिनं हटकलं तर भावजय हसली आणि म्हणाली, "दार उघडं राहिलंय, आई ओरडेल." मग गुडघ्यातच मोडली.

मी पोचलो तेव्हा ती जमिनीवर होती. चेहरा लालभडक, डोळे उघडे, पण बघत नव्हते. हाताला इतका चटका बसला की मी आधी समजलो ती भट्टीला टेकली असणार. जाकिटाची बटणं सुटेनात, टाचणीनं काजं घट्ट केली होती. "कात्री!" मी ओरडलो. टाचणी धावत आलीच होती, हातात कापड कापायची मोठी कात्री तशीच. तिनं मला बाजूला ढकललं आणि जाकीट गळ्यापासून खालपर्यंत उभं कापलं. कॉलर, पांढरी पट्टी, दोन्ही अस्तरं. कापलेल्या कप्प्यांतून दाणे आणि पाणी तिच्या हातावर आलं. तिनं हात मागे घेतला. मीही बोट लावलं. अंघोळीच्या पाण्याएवढं गरम होतं ते.

टाचणीनं माझ्याकडे पाहिलं.  त्या क्षणी आम्हा दोघांना बाणांचा अर्थ कळला. बाहेर जात होतं ते पाणी होतं. ओलं फडकं वाऱ्यावर सुकताना गार होतं, माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. आम्ही माठाला आतून-बाहेरून तेलरंग फासला होता, आणि वर तो पाझरत नाही म्हणून एकमेकांची पाठ थोपटली होती.

मग बादल्या. जाकिटं भिजवायच्या सगळ्या बादल्या आम्ही तिच्यावर रिकाम्या केल्या. तपासणीच्या टेबलावरच्या दोन बायका पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या, कुणी कँटीनमधून बर्फ आणला. ताप एकशे सहाच्या वर होता. गाडी येईपर्यंत एकशे तीनवर आला. टाचणी गाडीत चढली तेव्हा कात्री तिच्या हातातच होती. ती मी काढून घेतली.

भावजय तीन दिवस कुणाला ओळखत नव्हती. दारात खुर्ची टाकून बसलेल्या त्या बाईचं पहिले तीन दिवस असंच होतं, हे मला ठाऊक होतं आणि टाचणीलाही. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, शुद्धीवर आली की कळेल किती शिल्लक आहे. डॉक्टर लोक असं बोलतात. त्यांचा इलाज नसतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बैठक बोलावली. सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं. जाकिटं आल्यापासून कटकट आहे, आता माणूसही पडलं, सगळी भरून परत पाठवा. मॅनेजर माझ्याकडे वळला. "तुमचं काय मत?" माझ्या वहीत "उत्तम" लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "बघावं लागेल. अशक्तपणाही असू शकतो." हे वाक्य मी उच्चारलं, याची मला आजही शरम वाटते.

तेवढ्यात दार ढकलून टाचणी आत आली, अंगावर आदल्या दिवसापासूनचेच कपडे. तिच्या हातात दोन ओली जाकिटं होती. दोन्ही ती तासभर भट्टीच्या तोंडाशी टांगून आली होती.

"साहेब, यात हात घाला," ती म्हणाली.

मॅनेजरनं बिचकत पहिल्यात हात घातला. "गार आहे."

"आता यात."

त्यानं घातला आणि झटकन काढला.

"पहिलं कंपनीनं पाठवलं तसं आहे, आतून फक्त कोरडं अस्तर. दुसऱ्याला बाहेरूनही अस्तर आहे, ते मी आज सकाळी दाखवायला म्हणून लावलं. तिच्या अंगावर होतं ते असंच होतं. ठिबकू नये म्हणून मी पाणी कोंडलं. जाकिटांचा दोष नाही, माझा आहे. ती परत पाठवलीत तर राहिलेल्या एकोणीस जणी नुसत्या भाजतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी चूक मी लिहून देते. कागद द्या."

सुपरवायझर खाली बघत राहिला. आता गप्प बसणं मलाही जमेना. मी वही उघडून टेबलावर ठेवली आणि ते पान दाखवलं. मॅनेजरनं वाचलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पाणी मागवलं.

जाकिटं राहिली. टाचणीला ताकीद मिळाली आणि वर एक हुकूम निघाला की यापुढे शिवणखोलीत कुठल्याही कपड्यात बदल करायचा झाल्यास त्यावर प्रथमोपचार विभागाची सही लागेल. म्हणजे माझी. असले हुकूम कोण काढतं ते मला कधी कळलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी कागदपत्रांवर सही घ्यायला इस्पितळात गेलो होतो. टाचणी खाटेशी बसली होती. भावजयीनं डोळे उघडले, बराच वेळ छताकडे पाहिलं, मग मान वळवली.

"वन्सं, केस विंचरले नाहीत?"

टाचणीनं एकदम खाटेचा दांडा धरला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पाठ हलत होती. मग तिनं नाक पुसलं आणि आधी शिस्तीत परीक्षा घेतली. नवऱ्याचं नाव विचारलं, घरात खोल्या किती ते विचारलं, माझ्याकडे बोट करून हा कोण ते विचारलं. भावजय म्हणाली, "डॉक्टर." टाचणीनं दुरुस्त केलं नाही.

"मी बाहेरून अस्तर लावलं, त्यानं तुझं असं झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळं झालं. तुला नऊ वाजता विचारलं तेव्हा गरम लागत नव्हतं?"

"लागत होतं. त्याच्या आधीपासून."

"मग काढलं का नाहीस गं?"

भावजय पुन्हा छताकडे बघायला लागली. तिला बोलायला वेळ लागत होता. "तुम्ही दोन सुट्ट्या घालवल्या होत्या त्याच्यावर. कॉलर काढली होती. मी काढून ठेवलं असतं तर तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं. "म्हटलं, पाळी संपेपर्यंत कळ काढावी."

 मी सही न घेताच बाहेर आलो.

त्या आठवड्यात फळ्यांपलीकडे मशीनचा आवाज नव्हता. ती कापून ठेवलेलं बाहेरचं अस्तर बाजूला टाकून ठिबकण्यावर डोकं चालवत होती. शेवटी खालच्या कडेला टॉवेलच्या जाड कापडाची पट्टी लावली, आणि पिळल्यावर दहा मिनिटं दोरीवर टांगल्याशिवाय जाकीट कुणाला द्यायचंच नाही असं ठरवलं. ठिबकणं थांबलं. प्रत्येक जाकीट माझ्या टेबलावर यायचं. "सही करा, पण आधी घाला. भट्टीपाशी तासभर उभे राहा आणि मग सांगा." मी उभा राहिलो, एकोणीस वेळा. मला ते योग्यच वाटलं.

जाकीट देताना ती आता प्रत्येक बाईला एकच गोष्ट बजावायची. "मी शिवलंय म्हणून अंगावर ठेवायचं नाही. गरम लागलं की काढायचं आणि माझ्या तोंडावर फेकायचं." बायका हो म्हणायच्या आणि फेकायच्या नाहीत. इतक्या वर्षांचा धाक एका वाक्यानं जात नाही. सुपरवायझरलाही ती खिसे दाखवून विचारायला लागली, वाकडे आहेत का? तो जीव मुठीत धरून म्हणायचा, नाही, नाही, सरळ आहेत.

भावजय बरी झाली, पण तो उन्हाळा घरीच गेला. एकदा असा ताप चढून गेला की शरीर पुढच्या खेपेला लवकर हात टेकतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिवाळ्यात ती पेट्या बांधायच्या खोलीत बसली आणि तिथे तिला करमेना. पुढच्या उन्हाळ्यात तिनं चार नंबर परत मागितला. टाचणी आणि तिच्यात यावरून काय झालं मला माहीत नाही. त्या महिन्यात डोकेदुखीच्या गोळ्या संपल्या एवढं खरं. शेवटी मी अट घातली. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडं वाढवायचं, आणि तासातासाला पाणी.

पाचव्या दिवशी मी शिवणखोलीत सहीसाठी उभा होतो. दार उघडून भावजय आत आली. पाळीची वेळ संपायला बराच अवकाश होता. तिनं चालता चालता जाकीट काढलं आणि टाचणीच्या समोर, मशीनवर चाललेल्या कामावरच टाकलं.

"वन्सं, हे नको मला. पाठीत गरम लागतंय."

मशीन थांबलं. टाचणीनं जाकिटात हात घातला. मीही घातला. नुसतं सुकलं होतं, भिजवायची वेळ झाली होती. तेवढंच. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर टाचणीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. भावजय दारात उभी होती, एक हात चौकटीला, घोषणा करून झाल्यावर घाबरलेल्या माणसासारखी.

टाचणी उठली. तिनं आपली खुर्ची भावजयीकडे सरकवली, तिला खांद्याला धरून बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला. ती पीत असताना तिच्या कपाळाला, मानेला हात लावून पाहिला. अंग ठीक होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आणखी काय काय आवडत नाही तेही आत्ताच सांगून टाक."

भावजयीनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि खरोखरच सांगायला लागली. बाह्या, गळे, तो पिवळा रंग, पडद्याच्या उरलेल्या कापडाचा परकर. नऊ-दहा वर्षांचं होतं, वेळ लागणारच होता. टाचणी उभ्यानं सगळं ऐकत होती. मी सही न करताच निघालो आणि दार लावून घेतलं.